हात लावण्यापूर्वीचे शिक्षण



लातूर आणि नांदेड या शहरांची ओळख आज शिकवणी वर्गांची शहरे अशी झाली आहे. ‘लातूर पॅटर्न’चे नाव राज्यभर झाले, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी नांदेडलाही आसपासच्या जिल्ह्यांतून मुले येतात. शिकलेली मुले पुढे पुण्याला, हैदराबादला, काही परदेशी जातात आणि मागे आई-वडिलांची घरे उरतात. त्या घरांत औषधांचा डबा असतो, रक्तदाब मोजण्याचे यंत्र असते, रविवारचा व्हिडिओ कॉलही असतो. पाठीवरून मायेने हात फिरवणारे मात्र जवळ कोणी नसते. सत्तरी ओलांडलेल्या कित्येकांच्या अंगाला दिवसभरात होणारा एकमेव स्पर्श रक्तदाबाच्या पट्ट्याचा असतो.

अशा घरांतून आता मालिश करणाऱ्या व्यक्तीला बोलावणे जाते. ती किती पैसे घेते हे विचारले जाते, कोणत्या वेळी येते हे विचारले जाते. ती काय शिकली आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. दुसरीकडे, याच शहरांतील काही तरुण-तरुणी ‘मसाज थेरपिस्ट’ होण्याचा विचार करीत आहेत आणि नेमके काय शिकावे हे त्यांना सांगणारे कोणी नाही. आजचे हे लेखन दोघांसाठीही आहे.

मालिश आपल्याकडे नवी नाही. बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या बायका गावोगाव होत्या. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आपण सारेच करतो. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांच्या लातूर जिल्ह्यात आणि माळेगावच्या खंडोबा यात्रेत कुस्ती पाहिलेल्यांना तालमीतली मालिश ठाऊक आहे. ही सारी विद्या पाहून-पाहून हाती आलेली आणि मोलाची आहे. परंतु ती बाळासाठी, बाळंतिणीसाठी आणि पैलवानासाठी घडलेली आहे. पंचाहत्तरीतील शरीर या तिघांहून वेगळे असते. त्वचा पातळ झालेली असते, हाडे ठिसूळ असू शकतात, चार-पाच गोळ्या रोज सुरू असतात. पैलवानाच्या पाठीवर जो जोर शोभतो, तोच जोर आजीच्या बरगडीला तडा देऊ शकतो.

आपल्या प्राचीन वैद्यांनी ही सावधगिरी ओळखली होती. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथात, दिनचर्येच्या अध्यायात, अभ्यंग रोज करावा आणि डोके, कान व पाय यांवर तो विशेषत्वाने करावा, असा उपदेश आहे. त्याच्या लगोलग, कफाने ग्रासलेल्या, नुकतीच शोधनचिकित्सा झालेल्या आणि अजीर्ण झालेल्या माणसाने अभ्यंग टाळावा, असेही सांगितले आहे. पहिला उपदेश आपण सर्वांनी लक्षात ठेवला, दुसरा विसरलो. मालिशच्या कोणत्याही प्रशिक्षणाची खरी परीक्षा या दुसऱ्या भागात आहे. कसे दाबावे हे काही आठवड्यांत हाताला येते. कोणाला दाबू नये हे समजण्यासाठी अभ्यास लागतो.

‘होलिस्टिक’ किंवा ‘समग्र’ हा शब्दही नीट समजून घ्यावा. ‘सर्व रोगांवर इलाज’ असा त्याचा अर्थ नाही. समोरच्या व्यक्तीचा समग्र विचार करणे, एवढाच त्याचा प्रामाणिक अर्थ आहे. तिची झोप, तिची औषधे, तिच्या जुन्या दुखापती, तिचा संकोच, तिचे एकटेपण या सर्वांची दखल घेऊन मगच हात लावणे. लातूर परिसरात तर जुन्या दुखापतींची चौकशी विशेष आवश्यक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाच्या वेळी तिशी-पस्तिशीत असलेली माणसे आज वार्धक्यात आहेत. कोणाचा पाय तेव्हा मोडलेला, कोणाच्या मणक्याला मार लागलेला असू शकतो. विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत. इतक्या वर्षांत ते दुखणे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते.

मग चांगल्या प्रशिक्षणात काय असावे? स्नायू, सांधे, रक्ताभिसरण आणि मज्जातंतू यांची ओळख प्रथम असावी. नंतर हातांच्या पद्धती: तळहाताने लांब सरकत जाणे, मळणे, घर्षण, हलके थोपटणे आणि कंपन. हाता-पायांवर लांब आणि सांध्यांवर गोलाकार हात का फिरवायचा, हे कळले पाहिजे. तिळाचे, खोबऱ्याचे किंवा आपल्याकडील करडईचे तेल कोणाला मानवते आणि कोणाच्या त्वचेवर आधी थोडेसे लावून पाहावे, हे शिकवले जावे. नखे, हात व चादरी यांची स्वच्छता, अंग झाकून ठेवून आवश्यक तेवढाच भाग उघडण्याची रीत आणि प्रत्येक भेटीची नोंदवही हेही अभ्यासाचे विषय आहेत. शिकणाऱ्याने स्वतःचे मनगट आणि कंबर सांभाळण्याची उभे राहण्याची पद्धतही शिकली पाहिजे. अन्यथा दुसऱ्याची पाठ मोकळी करता करता स्वतःची धरते.

हे शिक्षण मिळण्याचे मार्ग निरनिराळे आहेत. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, परंतु तेथील पदवी वैद्य होण्यासाठी आहे. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता. केवळ मालिश-उपचार शिकू इच्छिणाऱ्याला एवढा लांबचा मार्ग आवश्यक नाही. पुण्याच्या राष्ट्रीय निसर्गोपचार संस्थेत उपचार सहायकांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम चालत आला आहे. डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र जेथे होते आणि महात्मा गांधी जेथे राहिले होते, त्याच वास्तूत ही संस्था उभी राहिली. पुण्याजवळच उरुळी कांचन येथे गांधीजींनी 1946 मध्ये निसर्गोपचाराचे कार्य सुरू केले आणि मणिभाई देसाई यांनी ते वाढवले. तेथेही मालिश हा उपचाराचा नित्याचा भाग आहे. याखेरीज शासनाच्या कौशल्य विकास व्यवस्थेत ‘पंचकर्म तंत्रज्ञ’ आणि ‘स्पा थेरपिस्ट’ या कामांसाठी निकष ठरवलेले आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भौतिकोपचार करणाऱ्यांसाठी, म्हणजे फिजिओथेरपिस्टसाठी, महाराष्ट्रात नोंदणी परिषद आहे. केवळ मालिश करणाऱ्यांसाठी तशी वैधानिक नोंदणी नाही. दोन दिवसांच्या वर्गाचे प्रमाणपत्र आणि वर्षभराच्या अभ्यासाचे प्रमाणपत्र भिंतीवर सारखेच दिसते. म्हणून किती दिवस शिकलात, किती जणांवर देखरेखीखाली हात चालवला, हे विचारण्याचा अधिकार आपण वापरावा.

अनेक घरांत आणखी एक अडचण असते. मुलीने किंवा सुनेने हे काम शिकायचे म्हटले की ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न इंग्लंडमध्येही होता. लंडनमध्ये मालिशच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांची चर्चा झाली तेव्हा 1894 मध्ये चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मालिशकार स्त्रियांची संस्था स्थापली. परीक्षा ठेवली, आचारनियम केले आणि डॉक्टरांच्या सूचनेवाचून उपचार करायचे नाहीत, असे बंधन स्वतःवर घालून घेतले. ब्रिटनमधील आजची भौतिकोपचारतज्ज्ञांची मोठी संस्था त्यातूनच वाढली. त्या स्त्रियांनी आपल्या कामाला मान मिळवला तो मर्यादा पाळून. आपल्या लेकी-सुनांनाही हा मार्ग मोकळा आहे, आणि स्त्रियांना स्त्रीच्याच हातून मालिश हवी असते, हे लक्षात घेता त्यांची गरजही आहे.

आता ज्येष्ठांनी आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांनी लक्षात ठेवावयाच्या बाबी. एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, पोटरी दुखू लागली, तर तेथे मालिश करू नये; शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळण्याने ती सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या सुरू असतील तर जोर लावू नये. ताप, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा नव्याने मोडलेले हाड असताना आधी डॉक्टरांना विचारावे. कर्करोगाचे उपचार सुरू असतील तरीही तेच. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर तेल गरम करून लावू नये. चटका बसला तरी कळत नाही. मानेच्या पुढच्या व बाजूच्या भागावर दाब देऊ नये आणि मान ‘मोडून’ देण्याचा आग्रह कोणी धरला तर नम्रपणे नकार द्यावा.

सर्वांत महत्त्वाची बाब लकव्याची. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोबडी वळली की आपल्याकडे अजूनही काही घरांत तेल गरम करायला ठेवतात. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध योग्य रुग्णाला साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्या तासांत अंग चोळत बसणे म्हणजे ती संधी घालवणे. त्या वेळी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. छातीत दुखून डावा हात भरून आला तरीही तेल बाजूला ठेवावे. लकव्याच्या रुग्णाला मालिशचा उपयोग होऊ शकतो, परंतु तो नंतर, प्रकृती स्थिरावल्यावर आणि डॉक्टरांच्या संमतीने. आणि तेव्हाही व्यायामाला पर्याय म्हणून नाही.

मालिशने संधिवात बरा होत नाही, झिजलेला गुडघा भरून येत नाही. काही काळ वेदना हलकी होते, स्नायू सैलावतात, मन निवते आणि अनेकांना झोप चांगली लागते. एवढा लाभही वार्धक्यात थोडा नाही. जी व्यक्ती याहून मोठे आश्वासन देते किंवा सुरू असलेली गोळी बंद करायला सांगते, तिला पुन्हा बोलावू नये. जी व्यक्ती पहिल्या भेटीत तेलाची बाटली उघडण्याआधी आपली औषधे विचारते, ‘येथे हात लावू का?’ म्हणून परवानगी घेते आणि ‘आज नको, आधी डॉक्टरांना दाखवा’ असे म्हणून एका दिवसाची कमाई सोडते, तिचे शिक्षण पक्के झाले आहे, असे खुशाल समजावे.

बाहेरून कोणी मिळेपर्यंत घरच्या माणसाने थांबण्याचे कारण नाही. वर सांगितलेली कोणतीही अडचण नसेल तर रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे तळपायांना आणि तळहातांना हलक्या हाताने थोडे तेल लावावे. जोर लावू नये. दुखते का, हे मधूनमधून विचारावे. पाण्याची ओढ मराठवाड्याला नवी नाही. त्यामुळे लगेच आंघोळ हवीच असे नाही, ओल्या फडक्याने पुसले तरी चालते. मात्र तळपाय पूर्ण कोरडे केल्याशिवाय वडीलधाऱ्यांना उठू देऊ नये. तेलकट पायाने फरशीवर घसरून खुब्याचे हाड मोडले, तर मालिशने दिलेला सारा आराम एका क्षणात जातो.

नातवाने हे काम मागून घ्यावे. दहा मिनिटे पाय चोळताना आजोबा बोलू लागतात, असा अनुभव पुष्कळ घरांत येतो. आज रात्री आपल्या घरी करून पाहा.