जपानच्या ड्रगस्टोअरमध्ये किती खरेदी करावी?

जपानच्या सहलीतली शेवटची संध्याकाळ अनेक गटांची ड्रगस्टोअरमध्ये जाते. टोकियोचे शिंजुकू असो की ओसाकाचे शिनसायबाशी, मात्सुमोतो कियोशी या ड्रगस्टोअर-साखळीची पिवळी पाटी दिसली की पाय आपोआप तिकडे वळतात. तासाभराने मंडळी बाहेर पडतात तेव्हा हातात सनस्क्रीन, शीट मास्क, फेसवॉश आणि डोळ्यांच्या थेंबांनी भरलेल्या पिशव्या असतात. २०२४ मध्ये सव्वादोन लाखांहून अधिक भारतीय जपानला जाऊन आले, आणि मुंबई-पुण्याहून सहल कंपन्यांबरोबर जाणारी मराठी कुटुंबेही त्यात आहेत. या खरेदीबद्दल त्यांच्यात सरळ दोन तट पडतात. एवढ्या लांब येऊन साबण-शाम्पू कसले घेता, तेवढ्या वेळात एखादे देऊळ पाहून झाले असते, असे काही म्हणतात. इतरांच्या मते सहलीतली सर्वांत उपयोगी खरेदी हीच, कारण शोभेच्या वस्तू कपाटात पडून राहतात आणि या वस्तू रोज वापरल्या जातात.

दुसऱ्या गटाचे म्हणणे आधी नीट ऐकायला हवे. ड्रगस्टोअर हे पर्यटकांसाठी थाटलेले दुकान नव्हे. तापाच्या गोळ्या, टूथपेस्ट, बाळाचे डायपर आणि लिपस्टिक जपानी माणूस तिथूनच नेतो. मात्सुमोतो कियोशीची सुरुवातही १९३२ मध्ये चिबा प्रांतातल्या मात्सुदो गावी एका साध्या औषधांच्या दुकानापासून झाली. रोजच्या गिऱ्हाइकावर चालणाऱ्या दुकानात भाव चढे ठेवून भागत नाही. शंभर येन म्हणजे साधारण ५५-६० रुपये धरले, तर हजार येनच्या आत मिळणारे चांगले सनस्क्रीन आपल्याला सहाशे रुपयांच्या आत पडते. वस्तूही तोलामोलाची असते. जपानचा उन्हाळा आपल्या कोकणासारखाच दमट, त्यामुळे तिथली सनस्क्रीन पाण्यासारखी पातळ आणि चिकटपणा न ठेवणारी बनवलेली असतात. अतिनील-ए किरणांपासूनचे संरक्षण दाखवणारी ‘पीए’ची अधिक-चिन्हे आपण आता भारतातल्या ट्यूबवरही पाहतो. ही पद्धत जपानमध्ये १९९६ साली सुरू झाली आणि चार चिन्हांची वरची पायरी २०१३ मध्ये आली. ज्यांनी मोजण्याची रीत घालून दिली त्यांच्याकडचा माल घ्यावासा वाटला, तर त्यात गैर काही नाही.

मात्र या दुकानातली फळी आपल्याला वाचता येत नाही. सौंदर्यप्रसाधनांवर सर्व घटक छापण्याचे बंधन तिथे २००१ पासून आहे, पण ती यादी जपानीत असते. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करता येते; तरी गोल ट्यूबच्या पाठीवरची बारीक अक्षरे अर्धीमुर्धीच लागतात. शिवाय जपानी कायद्यात सौंदर्यप्रसाधन आणि औषध यांच्यामध्ये आणखी एक वर्ग आहे. ठरावीक परिणामासाठी मान्यता मिळालेला घटक ठरावीक प्रमाणात असलेली ही उत्पादने असतात. मुरुमांचा फेसवॉश, डाग रोखणारे लोशन, घामाच्या वासावरचे मलम अशा कितीतरी वस्तू या वर्गात मोडतात आणि साध्या क्रीमच्या शेजारीच मांडलेल्या असतात. तिथल्या गिऱ्हाइकाला वेष्टनावरून फरक कळतो. आपल्याला दोन्ही डब्या सारख्याच दिसतात.

हा फरक किती महत्त्वाचा ठरू शकतो, ते २०१३ च्या जुलैत दिसले. कानेबो कंपनीने याच मधल्या वर्गातली, त्वचा उजळण्यासाठी असलेली आपली अनेक उत्पादने बाजारातून परत मागवली. त्यांतल्या रोडोडेनॉल या घटकाने काही जणांच्या चेहऱ्या-हातांवर रंग जाऊन पांढरे चट्टे पडले होते. जपानमध्ये अशा रुग्णांची संख्या एकोणीस हजारांच्या वर गेली. या घटकाला सरकारची रीतसर मान्यता होती.

या एका प्रकरणावरून जपानी मालावर फुली मारणे अन्यायाचे होईल. चूक उघड झाली, माल परत घेतला गेला, रुग्णांची मोजदाद झाली, हीसुद्धा तिथल्या व्यवस्थेची जमेची बाजू आहे. अनेक देशांत असे चट्टे कशामुळे पडले, याचा शोधही लागला नसता. पण त्या व्यवस्थेचे संरक्षण तिथे राहणाऱ्याला मिळते. टोकियोतल्या बाईला बातमी कळते, दुकानात बाटली परत देता येते, तिच्या डॉक्टरला घटकाचे नाव ठाऊक असते. पर्यटकाने तीच बाटली नाशिकला आपल्या मावशीला नेऊन दिली, तर परत बोलावण्याची सूचना त्या मावशीपर्यंत पोचायची वाटच नसते. आमच्या मते या साऱ्या वादातला कळीचा मुद्दा हाच आहे. वस्तू चांगली की वाईट, याहून ती कुणाच्या हाती जाते आणि त्या व्यक्तीला तिच्याबद्दल काय माहीत आहे, हे अधिक पाहायला हवे.

म्हणून भेटवस्तूंचा प्रश्न वेगळा काढावा लागतो. परदेशाहून येताना जाऊबाई, मावशी, ऑफिसातल्या मैत्रिणी, सगळ्यांसाठी काही ना काही आणायचे, ही आपल्याकडची रीत मायेची आहे, आणि शीट मास्कचे पाकीट हलके, स्वस्त, वाटायला सोपे. डोळ्यांचे थेंबही असेच घेतले जातात. छोटी सुबक बाटली, घातल्याबरोबर गार वाटते. मात्र लाली घालवणाऱ्या अनेक थेंबांमध्ये रक्तवाहिन्या आकसवणारे औषध असते. त्याने काही तासांसाठी डोळा पांढरा दिसतो, पण रोज वापरत गेल्यास लाली उलट वाढू शकते. हे बाटलीसोबतच्या कागदावर लिहिलेले असले तरी मावशीला ते वाचता येणार नाही. काचबिंदू असलेल्या माणसाने तर असे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालूच नयेत.

रंगाचेही तसेच. फाउंडेशन आणि ‘टोन-अप’ सनस्क्रीन तिथल्या त्वचेच्या छटा समोर ठेवून बनतात. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर त्यांची राखाडी झाक येते. हातावर लावून पाहिल्यास दुकानातल्या उजेडात ती सहज दिसते, पण घाईत तेवढे कुणी करत नाही.

घाईचे एक कारण करसवलतीत आहे. करपूर्व किंमत ५,००० येन किंवा त्याहून अधिक झाली की पर्यटकाला १० टक्के उपभोग कर माफ होतो. २०१४ च्या ऑक्टोबरपासून सौंदर्यप्रसाधनेही यात आली. सवलत खरी आहे आणि चार जणांच्या कुटुंबाची एकत्र खरेदी असेल तर घ्यावीही. मात्र ज्याची गरज ३,००० येनची आहे, तो ५०० येन वाचवायला आणखी २,००० येन खर्च करतो. त्यावर हा माल सीलबंद पिशवीत मिळतो आणि देश सोडेपर्यंत ती उघडायची नसते. म्हणजे सनस्क्रीन जपानच्या उन्हात वापरता येत नाही, आणि सोसते की नाही तेही घरी आल्यावरच कळते. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलायचे ठरले आहे: दुकानात पूर्ण किंमत भरायची, विमानतळावर कस्टमची खातरजमा झाली की कर परत. सीलबंद पिशवी जाईल, पण परतावा देशाबाहेर नेलेल्या वस्तूंवरच मिळणार.

पर्यटकांमुळे स्थानिकांना माल मिळत नाही, हा आक्षेपही ऐकू येतो. तो निराधार नाही. हाँगकाँगने मार्च २०१३ मध्ये बाळाच्या दूधपावडरीचे दोनच डबे बाहेर नेऊ देण्याचा नियम केला, तो अशाच टंचाईमुळे. भारतीय पर्यटकांची खरेदी त्या मानाने फारच थोडी आहे, त्यामुळे सध्या या मुद्द्याला आम्ही फार वजन देत नाही.

सगळे तोलून पाहता आमचा कल खरेदीच्या बाजूने आहे. ती आज होते तशी मात्र नको. ड्रगस्टोअरमध्ये शेवटच्या संध्याकाळऐवजी पहिल्या दिवशी जावे. आपल्याला लागणारे सनस्क्रीन किंवा फेसवॉश एकेकच घ्यावे आणि कर भरून घ्यावे, म्हणजे लगेच उघडता येते. रात्री कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन-तीन दिवस पाहावे. खाज-पुरळ काही नसेल, तर निघताना हवे तेवढे आणखी घ्यावे. शंभर मिलिलिटरच्या वरच्या बाटल्या तेवढ्या चेक-इनच्या बॅगेत टाकाव्यात. नातेवाइकांसाठी घाम पुसायचे ओले कागद, थंडीत खिशात ठेवायच्या गरम पुड्या, चांगला कंगवा किंवा नेलकटर न्यावा. चेहऱ्याला लावायचे आणि डोळ्यांत घालायचे काहीही, मागणाऱ्याने नाव सांगून मागितल्याशिवाय, दुसऱ्यासाठी आणू नये.