मशीनने अलीला हरवलं, त्याची गोष्ट

आमच्या ऑफिसात दुपारी चारच्या चहाला एक खेळ चालतो. अली विरुद्ध टायसन. जो लुई विरुद्ध लॅरी होम्स. मार्सियानो विरुद्ध उसिक. वेगवेगळ्या काळातले हेवीवेट चॅम्पियन एका रिंगमध्ये उतरवायचे आणि कप रिकामा होईपर्यंत भांडायचं. मी या खेळाचा जुना व्यसनी आहे, त्यामुळे माझी तक्रार खेळाबद्दल नाही. तक्रार आहे ती मागच्या महिन्यात एका सहकाऱ्याने जे केलं त्याबद्दल. त्याने फोनवरच्या एआयला विचारलं, १९८८ चा टायसन आणि १९७४ चा अली लढले तर कोण जिंकेल? उत्तर आलं, टक्केवारीसकट. टायसन. मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, "तू अलीच म्हणणार, साहजिक आहे. मशीनला जातधर्म नसतो."

"साहजिक" हा शब्द मला लागला. पण मीटिंगची वेळ झाली होती, मी गप्प बसलो. उत्तर इथे देतो.

मशीनला हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस नाही. १९६७ साली मायामीतल्या मरे वोरोनर नावाच्या रेडिओ निर्मात्याने हेच केलं होतं. तेव्हापर्यंतचे सोळा हेवीवेट घेतले, त्यांची माहिती एनसीआर ३१५ या कॉम्प्युटरला भरवली, आणि निघालेल्या निकालांवरून लढतींचं धावतं वर्णन रेडिओवर लावलं, जणू सगळं समोर घडतंय. लोकांनी कानात प्राण आणून ऐकलं. अंतिम लढतीत रॉकी मार्सियानोने जॅक डेम्पसीला हरवलं. आणि मुहम्मद अली? तो उपांत्यपूर्व फेरीतच बाद झाला. जिम जेफ्रीजकडून.

१९६७ साली अली कुठे होता ते आठवा. २८ एप्रिलला ह्यूस्टनमध्ये त्याने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. लगेच त्याचा परवाना गेला, किताब गेला. जूनमध्ये पाच वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. अपिलामुळे तो तुरुंगाबाहेर राहिला, पण लढायची बंदी होती. तोवर २९ लढती, २९ विजय. खऱ्या रिंगमध्ये त्याला कुणी हरवलं नव्हतं, म्हणून रिंगच काढून घेतली. आणि त्याच वर्षी रेडिओवर त्याला हरवण्यात आलं.

आता ज्याच्याकडून हरवलं तो जेफ्रीज कोण? १८९९ ते १९०५ चा विजेता, त्याच्या काळी अपराजित. जॅक जॉन्सन हा कृष्णवर्णीय बॉक्सर आव्हान देत होता. जेफ्रीज त्याच्याशी लढला नाही. कृष्णवर्णीयांसमोर किताब पणाला लावायचा नाही हा तेव्हाच्या गोऱ्या विजेत्यांचा शिरस्ता होता, जॉन सुलिव्हनने तर तो उघड बोलून दाखवला होता. जेफ्रीज निवृत्त झाला. पुढे १९०८ मध्ये जॉन्सनने सिडनीला जाऊन टॉमी बर्न्सकडून किताब मिळवला, तेव्हा अमेरिकेत गोऱ्यांची इज्जत वाचवायला जेफ्रीजला परत आणलं. ४ जुलै १९१०, रेनो. पंधराव्या फेरीत जॉन्सनने त्याला संपवलं. त्या रात्री देशभर दंगली झाल्या, कृष्णवर्णीय माणसं मारली गेली. दोन वर्षांनी बॉक्सिंगच्या लढतींच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी घालणारा केंद्रीय कायदा आला. जॉन्सनचा विजय लोकांनी पडद्यावर बघू नये, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

आणि सत्तावन्न वर्षांनी एका कॉम्प्युटरने सांगितलं की हाच जेफ्रीज अलीला हरवतो. मशीनला जातधर्म नसतो, खरंय. मशीनला काहीच नसतं. तिला भरवावं लागतं. ठोशाची ताकद, वेग, दम, मार सोसण्याची तयारी, कातडी किती लवकर फाटते. यातलं काहीच फूटपट्टीने मोजता येत नाही. कुणीतरी जाणकाराने आपल्या मताला आकडा दिला, तो आकडा कार्डावर चढला, कार्ड मशीनमध्ये गेलं, आणि बाहेर येताना त्याचं नाव "निकाल" झालं. आमच्या धंद्यात याला कचरा आत, कचरा बाहेर म्हणतात. पहिल्या सेमिस्टरला शिकवतात आणि पहिल्या पगाराला आम्ही विसरतो.

अलीने मानहानीचा दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. पुढे तडजोड झाली, ती अशी की त्याने मार्सियानोबरोबर एका सिनेमात काम करायचं. १९६९ मध्ये मायामीत चित्रीकरण झालं. मार्सियानो पंचेचाळीस वर्षांचा, डोक्यावर टोप, वजन उतरवून आलेला. अली सत्तावीसचा, पैशाची चणचण असलेला. एकेका मिनिटाच्या सत्तरएक फेऱ्या खोट्या खोट्या लढल्या, वेगवेगळे शेवट चित्रित केले. चित्रीकरण संपून थोडेच दिवस झाले आणि मार्सियानो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये सिनेमा लागला. अमेरिकेत तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. युरोपात काही ठिकाणी अली जिंकल्याचा शेवट दाखवला गेला. गिऱ्हाईक बघून निकाल! हा कॉम्प्युटर अलाबामात बनला असणार, असा टोमणा अलीने मारल्याचं सांगतात. त्याने इंजिनिअरिंग केलं नव्हतं, पण बग कुठे आहे ते त्याला बरोबर कळलं.

कुणी म्हणेल, ते १९६७ होतं, आज मॉडेलं चांगली आहेत, डेटा भरपूर आहे. चला, डेटाच बघू. फ्रेझरने १९७१ मध्ये अलीला हरवलं. नॉर्टनने १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडून त्याला हरवलं. फोरमनने त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं, आणि त्याच नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत संपवलं. अ ला ब हरवतो, ब ला क हरवतो. ३० ऑक्टोबर १९७४ च्या आदल्या रात्री कुठल्याही शहाण्या मॉडेलने फोरमन हेच उत्तर दिलं असतं, आणि मीही तसाच कोड लिहिला असता. किन्शासात आठव्या फेरीत फोरमन खाली पडला. टायसनचंही तेच. १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसवर ४२ ला १ असा भाव होता. ज्या दोघांच्या नावाने आपण हा खेळ सर्वांत जास्त खेळतो, त्या दोघांच्याच आयुष्यात हिशेब असे उलटलेत.

शिवाय ही तुलना करायची कोणत्या मापाने? रेनोची लढत पंचेचाळीस फेऱ्यांची ठरली होती. अलीच्या काळी पंधरा, आज बारा. १९१९ मध्ये डेम्पसी पडलेल्या विलार्डच्या डोक्यावरच उभा राहून, तो उठला की पुन्हा मारत होता. आज त्याला लांबच्या कोपऱ्यात पाठवतील. मार्सियानोचं वजन ८४ किलोच्या आसपास, म्हणजे आजच्या नियमांत तो हेवीवेट गटात बसतच नाही. पण हे सगळे किरकोळ मुद्दे झाले. ज्याला खेळायचंय तो नियम ठरवून घेतो.

किरकोळ नाही ते हे, की यादीच गाळलेली आहे. जॉन्सन १९१५ मध्ये हरला. त्यानंतर १९३७ पर्यंत, बावीस वर्षं, एकाही कृष्णवर्णीय बॉक्सरला हेवीवेट किताबासाठी लढू दिलं नाही. हॅरी विल्स डेम्पसीच्या मागे वर्षानुवर्षं लागला होता. लढत झाली नाही. सॅम लँगफर्डला तर हेवीवेट जगज्जेतेपदाची एकही संधी मिळाली नाही. (इथे जॉन्सनलाही सोडू नये. स्वतः विजेता झाल्यावर लँगफर्डला त्यानेही टाळलं.) आपण "सर्व काळातले चॅम्पियन" म्हणून यादी घेतो तेव्हा विल्स आणि लँगफर्ड त्यात नसतात, आणि डेम्पसीच्या नावापुढे विल्सकडून झालेली हार नसते, कारण ती होऊच दिली नाही.

अलीच्या बाबतीत गाळलेला भाग माणूस नाही, वर्षं आहेत. मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७०. वय पंचविशी ते अठ्ठाविशी, हेवीवेटचा ऐन बहर. १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली, किताबही त्याने पुन्हा लढून मिळवला, पण ती वर्षं कोण परत देणार? एआयला "१९७४ चा अली" विचारला की तो बंदीनंतरचा, पाय मंदावलेला अली घेतो. १९६८ चा अली विचारा. डेटा नाही.

हे मला इतकं का झोंबतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी कर्जाच्या अर्जांना गुण देणाऱ्या एका सिस्टीमवर काम करत होतो. त्यात धर्माचा रकाना नव्हता. पिनकोडचा होता. ज्या वस्त्यांत पूर्वी कर्ज दिलंच नव्हतं, तिथे कर्ज फेडल्याची नोंद कुठून येणार? मॉडेलने नोंद नसणं म्हणजे जोखीम असं धरलं. माझ्या मामूंचा पिनकोड त्यात होता. चाळीस वर्षं गॅरेज चालवणारा, कुणाचा रुपया न बुडवलेला माणूस. मी एकदा विषय काढला. "डेटा बोलतोय," असं उत्तर मिळालं. मग मी मान्यतेचं बटण दाबलं. माझं प्रमोशन जवळ आलं होतं. त्या दिवशी मी जेफ्रीजला जिंकवलं.

आता आपल्या लोकांशी थोडं. आमच्या घरी अब्बांच्या कपाटाच्या दाराला आतून अलीचा फोटो चिकटवलेला होता, खाली पडलेल्या लिस्टनवर ओरडणारा. अब्बांनी बॉक्सिंगची एक लढत कधी पुरती पाहिली नाही. अली आपला, म्हणून अली जिंकणार. हे प्रेम मला समजतं, पण तो पुरावा नव्हे. सहकाऱ्याने "साहजिक" म्हटलं तेव्हा ते मला जास्त लागलं कारण आपल्यातले कितीतरी जण खरंच असा वाद घालतात. आणि मग जो फ्रेझरचं काय करायचं ते त्यांना सुचत नाही. फ्रेझर दक्षिण कॅरोलिनातल्या गरीब शेतमजुराच्या घरातला. बंदीच्या काळात त्याने अलीला पैशाची मदत केली, परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला. त्याला अलीने गोऱ्यांचा चमचा म्हटलं, गोरिला म्हटलं, कॅमेऱ्यासमोर हसत हसत. फ्रेझरच्या मुलांना ते शाळेत ऐकावं लागलं. आपल्या हिरोच्या तक्त्यात हाही रकाना भरा. नाहीतर त्या वोरोनरच्या मशीनमध्ये आणि आपल्यात फरक काय उरला?

हे सगळं मी सहकाऱ्याला गेल्या गुरुवारी सांगितलं. चहा दोनदा मागवावा लागला. लँगफर्डचं नाव त्याने ऐकलं नव्हतं, लिहून घेतलं. मग विचारलं, "बरं, पण तुझं मत काय? कोण जिंकेल?"

मी म्हटलं अली, दहाव्या फेरीत. पहिल्या तीन फेऱ्यांत टायसन त्याला हलवून सोडेल, सहावीनंतर त्याचा दम जाईल. हे माझं मत आहे, हे मी दोनदा बजावलं. तो म्हणाला, पाचव्यात टायसन. मामूंची फाइल कुठे अडली ते शोधायला त्याने मदत करायचं कबूल केलंय; ती टीम आता त्याच्याकडे आहे.