कासवाचा माग आणि आमचा हजेरीपट

मंडळी, तलवाड्यातल्या माणसाने समुद्री कासवांवर लिहावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण विषय स्थलांतराचा आहे, आणि त्यातलं आम्हा बीडकरांना थोडंफार कळतं.

२०२२ च्या सुरुवातीला कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी कोकणात पाच ऑलिव्ह रिडले माद्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवले. वेळासची मादी पहिली, म्हणून तिचं नाव प्रथमा. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि ओडिशात २०२१ साली बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली! दोन्ही किनाऱ्यांची कासवं वेगळी, हा समज त्यामुळे हलला.

कासव श्वास घ्यायला वर येतं तेव्हाच संदेश उपग्रहाकडे जातो. त्यामुळे नकाशावर मिळतात ते तुटक ठिपके. ते वाचायला आता संगणकाला शिकवतात. वाट सरळ आणि वेग जास्त, तर प्रवास चालू. एकाच जागी घुटमळणं, तर बहुधा चरणं. अशी उदाहरणं पुष्कळ दाखवली की तो नव्या ठिपक्यांचा अर्थ लावतो. यालाच मशीन लर्निंग म्हणतात.

विद्या उत्तम आहे. पण अंदाजाला अंदाजच म्हणावं. पाच-सात कासवांवरून साऱ्या समुद्राबद्दल बोलणं म्हणजे पाच वह्या तपासून शाळेचा निकाल लावणं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दिवाळी झाली की आमच्या वर्गातली मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जात. हजेरीपटावर महिनोन् महिने गैरहजेरी. ती कुठे गेली हे का माहीत नव्हतं? मुकादमाला विचारलं की कारखाना, फड, सगळं कळायचं. माहितीची वाण नव्हती. पुढे साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहं निघाली तेव्हा काही मुलांची शाळा टिकली, तीही सगळ्यांची नाही.

कासवांचंही तेच. ती कुठे चरतात हे कळल्यावर त्या भागात, त्या महिन्यांत ट्रॉलरची जाळी आवरणार का? जाळ्यात कासवाला सुटायला वाट ठेवणार का? आणि हे ठरवताना मच्छीमारांना विचारणार का? याचं उत्तर संगणक देणार नाही.

किनाऱ्याकडच्या वाचकांनी तिकडे काय चाललंय ते जरूर कळवावं.