अब्बांची फियाट

गेल्या रमजान ईदनंतर आमच्या दारात एक गाडी दोन महिने आतडी काढल्यासारखी उघडी पडली होती. सीट ओसरीत, दरवाजांचे पुठ्ठे जिन्याखाली, छताचे कापड वाळत घातलेल्या चादरीसारखे दोरीवर. येणारा-जाणारा विचारी, "मास्तर, भंगारात देताय का?"

गाडी अब्बांची, 1986 ची प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी, पण घरात फियाटच. ते चूकही नाही. मूळची ती इटलीची फियाट 1100. आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली आणि पद्मिनी हे नाव तिला सत्तरच्या दशकात मिळाले. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी बंद झाली. वर्तमानपत्रातला फोटो पाहून अम्मी म्हणाल्या, "आपली तरी अशी सडवू नका." तेव्हापासून आम्ही बेत करत होतो.

चिरंजीवांनी मोबाइलवर चित्रे दाखवली. पुढे दोन वेगवेगळ्या खोलगट सीटा, लाल शिलाईचे काळे रेक्झिन, गिअर खाली जमिनीवर, निळे दिवे, मागे भलेमोठे स्पीकर. अम्मींनी सगळे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "पुढची सीट अखंड राहू दे."

पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर असतो, त्यामुळे पुढची सीट या दारापासून त्या दारापर्यंत एकसलग. लहानपणी आमची जागा तिच्यावर अब्बा-अम्मींच्या मध्ये. आम्हाला वाटले, अम्मींना तीच आठवण जपायची असेल. विचारले तर म्हणाल्या, "माझे गुडघे वळत नाहीत. या सीटवर बसले की नुसते सरकता येते. तुझ्या पोराच्या त्या खड्ड्यातून मला उपसणार कोण?"

सीटवाले चाचा आले. रेक्झिनचे नमुने काढतील म्हणून आम्ही चष्मा लावून बसलो, तर त्यांनी आधी पायाखालचे मॅट उचलले आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो पत्र्यातून आरपार गेला. "मास्तर, आधी जमीन. मग गालिचा."

दरवाजांचे रबर कडक होऊन फाटले होते. पावसाचे पाणी आत यायचे आणि मॅटखाली महिनोन्महिने ओल राहायची. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला छिद्रे असतात, तीही चिखलाने बुजलेली. म्हणून तर दरवाजांचे पुठ्ठे फुगले होते. आम्ही 40 हजार बाजूला काढले होते, त्यातले 17 हजार पत्रा कापून नवा वेल्ड करण्यात आणि गंजरोधक रंगात गेले. बाहेरून काहीच दिसत नाही. जुनी गाडी सजवायला निघालेल्या वाचकांनी आधी मॅट उचलून पाहावे. रंग आणि रेक्झिनची निवड नंतर.

सीट उघडली तेव्हा स्प्रिंगांवर बारदान, त्यावर काथ्या आणि चालकाच्या बाजूला, काथ्याच्या वर, घडी केलेली गोधडी निघाली. दादीची. स्प्रिंग टोचू लागल्यावर अब्बांनी ती घातली असणार, कुणाला काही न बोलता. आम्ही ती हातात घेऊन उभे राहिलो. अम्मी आल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "उंदरांनी नासवलीय. फेका." फेकली.

चाचांचे काम बघत राहावे असे. जुने रेक्झिन फाडले नाही. टाके उसवून त्याचे तुकडे नव्यावर पसरले आणि तोच नमुना धरून कापले. छताच्या तारा काढताना प्रत्येकीवर खडूने आकडा घातला, कारण प्रत्येकीचा बाक वेगळा. चिरंजीवांना जाड फोम हवा होता. चाचांनी त्यांना दोन इंच जादा फोमवर बसवले. डोके छताला टेकले, वाद मिटला. काचेची हँडले आणि दरवाजांचे रबर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधून आणले.

स्पीकरही गळाले. आमच्या गाडीत अजून डायनामो आहे. गाडी उभी असताना इंजिन हळू फिरले की तो बॅटरी नीट भरत नाही. त्यावर मोठे स्पीकर लावले तर सकाळी ढकलायला शेजारी बोलवावे लागतील. एक छोटा स्पीकर आणि मोबाइल चार्ज करायची सोय, फ्यूज घालून, एवढ्यावर चिरंजीव राजी झाले. तोंड मात्र आठवडाभर फुगलेले.

शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी तोंडावर विचारले, "हा इसराफ नाही का?" प्रश्न झोंबला, कारण तो आमच्याही मनात होता. स्पीकर-दिव्यांचा खर्च नक्कीच तसा झाला असता. सडलेल्या पत्र्याचा नव्हे. मधल्या गोष्टींचे, म्हणजे त्या तपकिरी रेक्झिनचे आणि पांढऱ्या पायपिंगचे, उत्तर आम्हाला अजून नीट देता येत नाही.

सीटबेल्टबाबत मात्र आम्ही कुणाचे ऐकले नाही. नुसत्या पत्र्यात बोल्ट घातला तर धक्क्याने पत्रा फाटतो. म्हणून मागून जाड पट्टी वेल्ड करून पुढे दोन बेल्ट बसवले. मधल्या जागेला बेल्ट बसवता आला नाही, तेव्हा तिथे कुणी बसायचे नाही असे ठरले. पहिल्या जुम्म्याला अम्मी सरकत आत आल्या, बेल्ट लावून घेतला आणि मधे आपली पिशवी ठेवली. धाकट्या बहिणीची मुलगी तिथे बसायला धावली, तर तिला म्हणाल्या, "मागे जा. ही जागा पिशवीची आहे."