यादी गेली, गुण राहिले

मा. अध्यक्ष,
विद्यापीठ अनुदान आयोग, नवी दिल्ली

महोदय,

फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने मान्य संशोधन नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केल्याचे जाहीर केले. कोणते नियतकालिक चांगले, हे ठरवणे आता विद्यापीठे आणि महाविद्यालयांवर आले. हे मला योग्यच वाटते. देशभरातल्या सगळ्या भाषांतल्या नियतकालिकांची पारख दिल्लीत बसून होत नसते. २०१८ साली आयोगालाच आपल्या आधीच्या यादीतून ४,३०५ नावे वगळावी लागली होती.

पण यादी गेली, तरी गुण राहिलेच. २०१८ च्या नियमावलीनुसार भाषा आणि मानव्यविद्यांच्या प्राध्यापकाला नेमणूक-बढतीसाठी एका लेखाचे १० गुण. ते मोजले जातात तोवर ‘आठ दिवसांत लेख छापून मिळेल’ असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतच राहणार. गुण तपासणाऱ्या स्थानिक समितीत लेखाच्या विषयाचा जाणकार असेलच असे नाही. मग आयएसएसएन आहे ना, संपादक मंडळात एखादे परदेशी नाव आहे ना, एवढे पाहून सही होते. (आयएसएसएन म्हणजे नुसता नोंदणीचा क्रमांक, दर्जाचा दाखला नव्हे, हे कितीदा सांगावे!)

माझी मागणी एकच आहे. गुणांसाठी दिलेल्या लेखासोबत, छापण्याआधी तो तपासणाऱ्या परीक्षकांचे अभिप्राय आणि त्यांना लेखकाने दिलेले उत्तर जोडणे सक्तीचे करा. परीक्षकांची नावे झाकलेली चालतील. खोटे अभिप्रायही विकत मिळू लागतील, हे मी जाणतो. पण लेख न वाचता लिहिलेला अभिप्राय विषयातल्या माणसापासून फार वेळ लपत नाही.

याचा खरा फायदा संशोधक विद्यार्थ्यांना होईल. नियतकालिकाकडून ‘मोठ्या दुरुस्त्या करा’ असे पत्र आले की ते त्यालाच नकार समजतात आणि लेख कपाटात टाकतात, नाहीतर पैसे घेऊन छापणाऱ्याकडे नेतात. प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायचे असते, परीक्षक चुकला असेल तर पुराव्यानिशी तसे सांगायचेही असते, हे त्यांना कोणी शिकवलेलेच नसते. संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आयोगानेच पीएच.डी.साठी सक्तीचा केला आहे. त्यात व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी एका खऱ्या अभिप्रायाला उत्तर लिहायला लावा.

आणि या अटीमुळे मराठी नियतकालिके वगळली जाऊ देऊ नका. ती मूठभर माणसांच्या जिवावर चालतात. तिथे छापील नमुन्यातला अभिप्राय नसेल, पण लेखात काय कमी आहे हे सांगणारे संपादकाचे पत्र असते. तेही ग्राह्य धरा.

आपला,
मराठीचा एक संशोधन मार्गदर्शक