शोध लावला की काम संपलं?

विद्यापीठानं ज्ञान निर्माण करावं. औषध कुणाला किती पैशांत मिळतं ते सरकार आणि बाजार बघून घेतील, असं मानणारे लोक थोडे नाहीत. त्यांत नामवंत प्राध्यापक आहेत, कुलगुरू आहेत. जगातल्या आरोग्य-विषमतेचा विषय निघाला की एखादं चर्चासत्र भरवावं, एखादा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करावा, एवढ्यावर त्यांचं समाधान होतं. हे मत मला मुळातच चूक वाटतं. का, ते अमेरिकेतल्या येल विद्यापीठात २००१ साली घडलेल्या एका प्रकरणात लख्ख दिसतं.

स्टाव्हुडिन हे एचआयव्हीवरचं औषध. त्याचा रेणू १९६०च्या दशकात कर्करोगावरच्या संशोधनातून, सरकारी पैशावर तयार झाला होता. तो एचआयव्हीला रोखतो हे येलच्या विल्यम प्रुसॉफ आणि ताई-शुन लिन यांनी १९८०च्या दशकात दाखवलं. पेटंट येलकडे आलं आणि येलनं एकाधिकार परवाना ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीला दिला. दक्षिण आफ्रिकेत २००१ च्या सुमारास चाळीस लाखांहून जास्त लोक एचआयव्हीबाधित होते, आणि या एका औषधाला माणशी वर्षाला सुमारे १,६०० डॉलर पडत. फेब्रुवारी २००१ मध्ये 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या वैद्यकीय मदत संस्थेनं येलला पत्र लिहिलं: स्वस्त जेनेरिक गोळ्या तिथं आणू द्याल का? येलनं कळवलं की परवाना कंपनीकडे आहे, उत्तर तीच देऊ शकते.

म्हणजे पेटंटचा मालक हात वर करून मोकळा झाला. गप्प बसले नाहीत ते विद्यार्थी. कायद्याची विद्यार्थिनी एमी कॅपचिन्स्की आणि तिच्या सोबत्यांनी विद्यापीठाला धारेवर धरलं, सह्या गोळा झाल्या. खुद्द प्रुसॉफ यांनी जाहीरपणे सांगितलं की हे औषध गरीब देशांत फुकट किंवा अगदी स्वस्तात मिळावं. मार्चच्या मध्यात कंपनीनं जाहीर केलं, दक्षिण आफ्रिकेत पेटंटचा हक्क बजावणार नाही. दर वर्षाला सुमारे ५५ डॉलरवर आला. १,६०० वरून ५५, तेही काही आठवड्यांत!

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की पेटंटचं कवच काढलं तर उद्या संशोधनाला पैसा कोण देईल? पण या रेणूला सुरुवातीचा पैसा दिला तो करदात्यांनी. कंपनीची कमाई अमेरिका-युरोपातून होत होती आणि तिथलं पेटंट कुणी मागितलंच नव्हतं. जगातल्या औषधविक्रीत अख्ख्या आफ्रिका खंडाचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत होता. तेवढ्यासाठी लाखो माणसं मरू द्यायची हा हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक झोंबतो. गरिबांना औषध दिलं तरी ते वेळेवर घेणार नाहीत, असा तो. अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी त्याच वर्षी, आफ्रिकेतल्या लोकांना घड्याळाची वेळ कळत नाही अशा अर्थाचं विधान केलं होतं. त्याचं उत्तर हैतीच्या डोंगराळ भागातल्या कांज गावानं आधीच दिलं होतं. हार्वर्डचे पॉल फार्मर आणि त्यांचे सहकारी तिथं काम करत. गावातलाच माणूस, बहुधा शेजारी, रोज रुग्णाच्या घरी जायचा. गोळी हातावर ठेवायची, ती गिळेपर्यंत समोर बसायचं, घरात खायला आहे का विचारायचं. एवढंच. सुरुवातीच्या साठेक रुग्णांतले बहुतेक सुधारले. ते २००१ मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हे संशोधन नव्हे तर काय?

आणि गरीब देशांत पोचलेल्या स्वस्त गोळ्या आल्या कुठून? त्यातल्या बऱ्याच मुंबईहून. सिप्ला कंपनीनं स्टाव्हुडिनसह तीन औषधं एकाच गोळीत आणली, 'ट्रायोम्यून'. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं, म्हणून ते जमलं. २००५ पासून रेणूवरही पेटंट मिळू लागल्यानं ती वाट बरीच अरुंद झाली आहे. म्हणूनच विद्यापीठाच्या परवाना-करारात स्वस्त पुरवठ्याची अट असण्याला आज जास्त मोल आहे.

अट पुरेशी पक्की नसली तर काय होतं ते कोविडनं दाखवलं. ऑक्सफर्डनं २०२० मध्ये आधी खुल्या परवान्याची भाषा केली, मग लस अ‍ॅस्ट्राझेनेकाला दिली. या लसीच्या चाचणीत दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे दोन हजार लोकांनी भाग घेतला. तरी जानेवारी २०२१ मध्ये त्या देशाला, ती लस बनवणाऱ्या पुण्याच्या सीरमकडून एका मात्रेला ५.२५ डॉलर असा दर पडला. युरोपीय संघाला साधारण २.१५. युरोपनं आगाऊ पैसा घातला होता, असं कारण सांगितलं गेलं. चाचणीसाठी दंड पुढे करणाऱ्यांनी मग काय घातलं होतं?

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठानं २००७ साली गरीब देशांपर्यंत औषध पोचवण्याचं धोरण स्वीकारलं. म्हणजे हे करता येतं. आपल्याही विद्यापीठांत आता पेटंट कक्ष उघडले आहेत. तिथल्या अधिसभेच्या सदस्यांना, संशोधकांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: परवान्याच्या कराराचा मसुदा मागून घ्या, वाचा, आणि सरकारी दवाखान्याला व गरीब देशांना परवडेल त्या दरात पुरवठा ही अट सही होण्याआधी त्यात घालायला लावा. सही झाल्यावर येलकडेही दाखवायला फक्त कंपनीचा पत्ता उरला होता.