पागोटं हातात घेतलेला अशील
सेवाग्रामच्या बापू कुटीत आलेला माणूस चरखा बघतो, साप पकडायचा चिमटा बघतो, बाहेर येऊन फोटो काढतो. १९३६ साली या गावात राहायला आलेला म्हातारा एके काळी मजुरांचे खटले घेत होता, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मुंबईत पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभं राहताच या बॅरिस्टरची वाचा बसली होती. तीस रुपये फी परत! पुढे १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनला त्याच्याकडे बालसुंदरम नावाचा तमिळ गिरमिट्या, म्हणजे करारानं बांधलेला मजूर, आला: समोरचे दोन दात मालकानं पाडलेले, तोंडातून रक्त, पागोटं हातात. गांधींनी आधी त्याला पागोटं बांधायला लावलं. मग डॉक्टरकडे नेऊन दाखला घेतला, तो घेऊन तडक मॅजिस्ट्रेटपुढे. वकिलीतली खरी अक्कल मला पुढेच दिसते. तिथल्या तेव्हाच्या कायद्यानं साध्या नोकरानं काम सोडलं तर दिवाणी दावा. गिरमिट्यानं सोडलं तर थेट तुरुंग. म्हणजे मालकाला शिक्षा झाली तरी मजूर त्याच्याच दारात अडकलेला. म्हणून गांधी मालकाला म्हणाले, तुम्हाला शिक्षा नको, याचा करार दुसऱ्याकडे द्या. मालक कबूल झाला. पण गिरमिट्यांच्या सरकारी ‘रक्षका’नं अट घातली, नवा मालक तुम्हीच शोधा. हिंदी माणसाला गिरमिटे ठेवायची परवानगी नव्हती, तेव्हा बॅरिस्टरसाहेब गोऱ्या ओळखीपाळखीत शोधायला निघाले, आणि एक गोरा मिळालाही.